चौथा रकाना

१

ज्या पत्रामुळे बोर्बालाची एकोणचाळीस वर्षं सात महिन्यांची नोकरी धोक्यात आली, ते पत्र जेमतेम अर्ध्या पानाचं होतं. मी ते पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या संचालकांच्या, सेमेरेंच्या टेबलावर, आणि पाहताक्षणी माझं डोकं तडकलं. कारण ते त्या टेबलावर असायलाच नको होतं.

मी ओतिलिया. चोंग्रादमध्ये वकिली करते. गावाबाहेर हंसाच्या पिसांच्या दुलया बनवणारा कारखाना आहे, तिथे आठवड्यातून दोन दिवस बसते. माझी कामं दोन. एक, कामगारांची खासगी माहिती नको त्याच्या हाती जात नाही ना, हे बघणं. दुसरं, निनावी तक्रारींची पेटी सांभाळणं. पन्नासच्या वर माणसं कामाला असतील तिथे अशी सोय हवीच, असा कायदा झाला, तेव्हा धुलाईखान्याच्या बोळात पेटी टांगायला मीच सांगितलं होतं. तिथे कॅमेरा नाही. किल्ली फक्त माझ्याकडे, अशी माझी समजूत होती.

"सुतारानं दोन किल्ल्या दिल्या होत्या," सेमेरे म्हणाले. "मला वाटलं, तुम्हाला कशाला त्रास."

सेमेरे माणूस वाईट नाही. कायद्याला ते इतके भितात, की घाबरून नेमका कायदाच मोडतात. पेटी त्यांनी चोवीस एप्रिलला उघडली होती आणि मला बोलावलं सहा मेला, तेही एका कामगार मुलीच्या वकिलाची नोटीस आल्यावर. मी पत्र ओढून घेतलं. साध्या कागदावर, गोलसर अक्षरात लिहिलं होतं:

"पिसं पाखडायच्या यंत्रावरची रेगोश एमोके, जन्म सेंतेश, ११ फेब्रुवारी १९९३, आईचं नाव दोबोझी गिझेल्ला, हिला पिसांच्या धुळीचा आजार लागला आहे. सोमवारी संध्याकाळी अंगात कणकण येते, शनिवार-रविवार बरी असते. हा खोकला उशिरा धरला तर जन्मभर जात नाही. तिला त्या यंत्रावरून हलवा. तिला विचारू नका, ती नाही म्हणेल."

सेमेरेंनी नेमकं तेच केलं होतं. एमोकेला बोलावून विचारलं, आणि तुझी फाइलमधली सगळी माहिती कुणीतरी पत्रात लिहिली आहे, हेही सांगून टाकलं. ती नाही म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी पोलिसांत गेली. खासगी माहितीचा गैरवापर हा आमच्याकडे फौजदारी गुन्हा आहे. शिवाय वकिलाच्या नोटिशीतून तिनं पत्राची प्रत मागितली होती, आणि तो तिचा हक्कच होता.

मग घाबरलेल्या सेमेरेंनी एमोकेची फाइल लाखेचा शिक्का मारून बंद केली आणि नोकरभरतीच्या कचेरीतल्या बोर्बालाला घरी बसवलं. त्यांचा हिशेब सोपा होता. जन्मगाव, जन्मतारीख, आईचं नाव हे सगळं एकत्र कुठे असतं? फाइलमध्ये. फाइल कुठे? कपाटात. कपाटाची किल्ली कुणाकडे? बोर्बालाकडे.

"तडकाफडकी काढायचं तर प्रकार कळल्यापासून पंधरा दिवसांत काढावं लागतं," ते म्हणाले. "गुरुवारी मुदत संपते. नाही काढलं तर पोलीस म्हणतील, कारखान्यानं पाठीशी घातलं."

चाळीस वर्षं भरली की आमच्याकडे बाईला पेन्शन मिळते, वय काहीही असो. बोर्बालाचे पाच महिने उरले होते. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, गैरवर्तनाचा डाग घेऊन, या गावात ते पाच महिने तिला कुणी दिले असते?

पत्र आणखी कुणी वाचलंय का, हे मी विचारलं. कुणीच नाही. एमोकेला फक्त सांगितलं होतं, बोर्बालाला तेवढंही नाही. मी पत्र पिशवीत टाकलं, दुसरी किल्लीही मागून घेतली आणि बाहेर पडले. बोळातून जाताना शेवटची ओळ पुन्हा आठवली, आणि मनात पाल चुकचुकली. वाईट चिंतणारं माणूस असं लिहीत नाही.

२

बोर्बाला आणि मी एका वर्गात होतो. ती बाग खणत होती. मला पाहूनही वाकलेलीच राहिली, कुदळ तेवढी थांबली.

"तू वकील म्हणून आलीस की ओती म्हणून?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, दोन्ही. ती म्हणाली, मग वकिलाला कॉफी नाही. तरी दिली.

पत्रात काय आहे ते मला तिला सांगता येत नव्हतं. नोकरी जिची जाणार तिच्याशीच तोंडाला कुलूप लावून बोलायचं, असा हा माझा धंदा. मी फक्त कपाटाबद्दल विचारत गेले. किल्ली ती गळ्यात घालते. जेवायला जाताना कुलूप ओढून बघते. दोनशे दहा माणसांच्या फाइली तिनं स्वतःच्या हातानं लावल्या आहेत, आणि आजवर त्यातला एक शब्द तिनं नवऱ्यालाही सांगितलेला नाही.

"सेमेरे साहेबांनी मला काय विचारलं ठाऊक आहे?" ती म्हणाली. "बाई, तुम्ही कुणाला बोललात का? मी गेली चाळीस वर्षं न बोलण्याचंच काम करते. ते कुणाला दिसत नाही, हे मला ठाऊक होतं. पण माझ्या साहेबालाही दिसू नये?"

तिचे डोळे भरले. मला तिचा हात धरावासा वाटला आणि मी धरला. वकिलीचं मग बघू, म्हटलं.

मग मी विचारलं, एप्रिलमध्ये तिच्या खोलीत एकटं कुणी होतं का. तिनं कप बाजूला सरकवला. एकदा, ती म्हणाली. पाखडणी विभागाचा मुकादम व्हिल्मोश रजेचं रजिस्टर बघायला आला होता, आणि तेवढ्यात खाली कुरिअरवाला आला. ती पाच मिनिटं गेली होती.

"कपाट?"

"उघडं होतं," बोर्बाला म्हणाली. "हे मी साहेबांना सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर तो जाळ्यात सापडला असता, आणि त्यानं केलं असेल असं मला वाटत नाही."

३

व्हिल्मोशला मी पाखडणीच्या दालनाबाहेर गाठलं. काचेपलीकडे उंच पेट्यांमधून पिसं उडत होती. जड पिसं खाली राहतात आणि हलकी वर जाऊन पुढच्या पेटीत पडतात. बायका मास्क लावून उभ्या होत्या. एमोके तिसऱ्या यंत्रावर होती. मी पाहत असताना ती दोनदा भिंतीकडे तोंड करून खोकली.

"वकीलबाई, तुम्ही आलात म्हणजे कुणाचं तरी वाईट होणार," व्हिल्मोश हसत म्हणाला. "माझं असेल तर आधी सांगा, बायकोला कळवतो."

त्याच्या भाचीला एमोकेची जागा हवी होती, हे साऱ्या कारखान्याला ठाऊक होतं. यंत्रावर हात बसलेली बाई इथे मान मिळवते. मी सरळ विचारलं, पाच मिनिटं कपाट उघडं होतं, तू काय पाहिलंस. त्याचं हसू गेलं.

त्यानं रजिस्टर पाहिलं होतं. कपाटाकडे एकदा नजर गेली होती, हेही त्यानं कबूल केलं. भाचीचा अर्ज पुढे सरकला का, ते बघायचा मोह झाला होता. पण हात लावला नाही, म्हणाला.

"आणि एमोके खोकते हे कळायला मला फाइल कशाला हवी? सोमवारी तर तिचा चेहरा बघवत नाही. त्या चोर्दाशबाईंना विचारा. धुलाईखान्यातून आम्हा सगळ्यांना सोमवारी एक मास्क, एमोकेला दोन. मी विचारलं तर म्हणाल्या, मोजायला चुकले. सहा वर्षं दर सोमवारी चुकतात."

एमोकेशी मी पाळी संपल्यावर बोलले. एकतीस वर्षांची, उंच, केस घट्ट बांधलेले. तिच्या आवाजात राग होता आणि रागाखाली भीती; तरी मला नेनी, म्हणजे मावशी, म्हणायला ती विसरली नाही.

"ओती-नेनी, मी हे कुणालाच सांगितलेलं नाही," ती म्हणाली. "कारखान्याच्या डॉक्टरलासुद्धा नाही. सेंतेशला, माझ्या स्वतःच्या डॉक्टरकडे गेले होते. यंत्रासाठी अयोग्य असा शिक्का बसला की दुसरी जागा आहे की नाही, हे साहेब ठरवणार. मी बारावी नापास आहे. मला येतं ते एवढंच. ज्यानं हे लिहिलं त्याला मी कोर्टात उभं करणार. मला पत्र हवंय."

देईन, मी म्हटलं. गुरुवारी.

घरी जाताना मी मनाशी मांडणी केली. आजार कारखान्याच्या कुठल्याच कागदावर नव्हता. म्हणजे तो कपाटातून आलेला नाही. पण हे सेमेरेंना सांगितलं तर ते म्हणाले असते, खोकला सगळ्यांनी ऐकला, आईचं नाव तर ऐकू येत नाही ना? आणि ते बरोबर म्हणाले असते. मग शिक्का मारलेली फाइल उघडल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

४

मंगळवारी सकाळी सेमेरे शिक्का तोडायला तयार होईनात. पोलिसांसाठी जपून ठेवलंय, म्हणाले. मी विचारलं, पत्रातली माहिती फाइलमधल्या माहितीशी जुळते, हे तुम्ही कधी पडताळून पाहिलंत का?

"पडताळायचं काय त्यात?" ते म्हणाले. "आणि फाइल उघडणं म्हणजे पुन्हा तिची खासगी माहिती बघणं नाही का?"

मला हसावं की रडावं कळेना. माणसानं कायद्याची एवढी काळजी घेतली की डोळे वापरायचेच विसरला. मी माझ्या अधिकारात लेखी नोंद केली, शिक्का तोडला, त्यांना बाहेर बसवलं आणि माझ्या खोलीचं दार लावून घेतलं. माझी खोली धुलाईखान्याच्या बरोबर वर आहे. खालच्या मोठ्या यंत्राची घरघर दिवसभर जमिनीतून पायाला लागते, ती पाळी संपेपर्यंत थांबत नाही.

पहिलंच पान. नाव: रेगोश एमोके. जन्मगाव: सेंतेश. जन्मतारीख: ११ फेब्रुवारी १९९३.

आईचं नाव: बोदोर आग्नेश.

मी पत्र बाजूला ठेवून पुन्हा वाचलं. मग फाइलमधला प्रत्येक कागद काढला. जन्मदाखला, विम्याचं कार्ड, शाळेचा दाखला, सगळीकडे बोदोर आग्नेश, आमच्या रीतीप्रमाणे आईचं माहेरचं नाव. दोबोझी गिझेल्ला हे नाव कुठेच नव्हतं.

पाहून उतरवणाऱ्याची चूक होते ती एखाद्या आकड्याची, फार तर एखाद्या अक्षराची. तारीख, महिना, वर्ष, गाव अगदी बरोबर आणि आईच भलती, असं उतरवताना होत नाही. लिहिणाऱ्यानं काहीही पाहून लिहिलेलं नव्हतं. त्यानं आठवणीतून लिहिलं होतं, आणि त्याला पक्कं ठाऊक होतं.

आता ज्या मुलीचा जन्मदाखला एक आई सांगतो आणि कुणीतरी खात्रीनं दुसरीच सांगतं, तिच्या बाबतीत काय घडलेलं असतं हे मी वकिलीत अनेकदा पाहिलंय. दत्तक गेल्यावर आमच्याकडे दाखला नवा होतो आणि जुनं नाव कागदावरून पुसलं जातं. कुणाच्या तरी मनातून ते पुसलं गेलेलं नव्हतं.

बोर्बाला सुटली, हे मला कळलं. पण त्याच क्षणी दुसरंही कळलं. एमोकेच्या हातात गुरुवारी हे पत्र द्यायचं होतं, आणि तिला हे माहीत आहे की नाही, ते मला ठाऊक नव्हतं.

५

डोकं शांत करायला मी खाली उतरले. पेटीजवळून धुलाईखान्याच्या दाराशी आले, तर आत इस्त्रीच्या टेबलावर पोगाचांची, छोट्या खाऱ्या पावांची, बशी होती, चीजचा वास सुटलेला, आणि बरणीत लायलॅकचा गुच्छ. आमच्याकडे असं दिसलं की समजायचं, आज कुणाच्या तरी नावाचा दिवस आहे. वाढदिवस कुणाला ठाऊक नसतो, नावाचा दिवस कॅलेंडरच सांगतं, तिथे प्रत्येक तारखेखाली एक नाव छापलेलं असतं. मी सवयीनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

सात मे. गिझेल्ला.

चोर्दाशबाई कोटांच्या घड्या घालत होत्या. पन्नाशी ओलांडलेली, सावकाश हालचाली करणारी बाई. सगळे त्यांना नवऱ्याच्या आडनावानं हाक मारतात, मीही. त्यांना स्वतःचं नाव असेल, याचा मी कधी विचारच केला नव्हता. त्याची मला तिथे उभ्या उभ्या लाज वाटली.

"घ्या ना, वकीलबाई," त्या म्हणाल्या. "सकाळीच भाजल्यात."

मी शुभेच्छा दिल्या आणि एक पोगाचा घेतली. मग विचारलं, धुलाईत येण्याआधी त्या कुठे होत्या. पाखडणीवर, अकरा वर्षं. मग छातीचं दुखणं लागलं आणि बोर्बालाबाईंनी धडपड करून इकडे बदली करून दिली. हे सांगताना त्यांचा हात कोटावरून फिरतच होता.

मी दार लावून घेतलं.

"मी तुम्हाला काही विचारणार नाही," मी म्हटलं. "कायद्यानं मला लिहिणाऱ्याचं नाव लपवायचंच असतं. पण त्या पत्रासाठी उद्या-परवा बोर्बालाची नोकरी जाईल. फाइल फोडली असा आळ आहे तिच्यावर."

हात थांबला.

"फाइल?" त्या म्हणाल्या. "मी कसली फाइल बघितली? मला काय कपाट उघडून बघायची गरज होती?"

आणि खाली बसल्या. मोठं यंत्र घरघरत होतं, म्हणून त्यांचं बोलणं ऐकायला मला वाकावं लागलं. एकवीस वर्षांची होते, म्हणाल्या. लग्न झालेलं नव्हतं, बाप दारात उभं करीना. शेजारच्या गावात रेगोश म्हणून भलं जोडपं होतं, त्यांना मूल नव्हतं. सही केली. नंतर चोर्दाशशी लग्न झालं, मूल झालं नाही. सहा वर्षांपूर्वी पाखडणीवर नवीन पोरगी आली, म्हणून कोटावर शिवायला नावाची पट्टी आली: रेगोश एमोके.

"एमोके हे नाव मी ठेवलेलं. त्यांनी तेवढं तसंच ठेवलं. चांगली माणसं."

मी विचारलं, मग पत्रात आईचं नाव कशाला लिहिलंत.

"तक्रार द्यायची म्हणजे माणसाची ओळख पूर्ण नको द्यायला? पोस्टात, दवाखान्यात, पोलिसांत, कुठेही जा, तेच चार रकाने. हात आपोआप चालत गेला. नाव, गाव, तारीख. मग आईचं नाव." त्यांनी टेबलावरचा कोट सारखा केला. "एकतीस वर्षांत मी ते पहिल्यांदा लिहिलं. लिहून झाल्यावर कळलं. मग फाडवेना."

हातातली अर्धी पोगाचा मी टेबलावर ठेवली. 

चोर्दाशबाई उठल्या, ॲप्रन काढला. साहेबांकडे जाते, म्हणाल्या, बोर्बालाबाईंनी मला मरणातून काढलं, त्यांच्या पोटावर पाय येऊ देणार नाही. मी त्यांना थांबवलं. सेमेरेंना कळलं की संध्याकाळपर्यंत कारखान्याला कळणार, आणि मग एमोकेला.

"तिला कळायला नको," त्या पटकन म्हणाल्या. "तिला आई आहे. आग्नेशबाईंनी तिला वाढवलं. मला काही मागायचं नाही, वकीलबाई. तिला फक्त त्या धुळीतून काढा."

६

गुरुवारी नऊ मेला सकाळी मी सेमेरेंपुढे एक कागद ठेवला. त्यात लिहिलं होतं, की पत्र लिहिणारी व्यक्ती मला भेटली आहे, ती कपाटापर्यंत कधीही पोहोचलेली नाही, आजाराची नोंद कारखान्याच्या कोणत्याही कागदावर नाही, आणि पत्रातली ओळखीची एक बाब फाइलमध्ये मुळातच नाही. म्हणून पत्राचा उगम फाइल असूच शकत नाही.

"कोणती बाब?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही पत्र वाचलंय. आठवून बघा."

ते आठवू लागले. नाव. सेंतेश. फेब्रुवारीतली कुठलीतरी तारीख. "आणि आईचं... कुणाच्या आईचं नाव कोण लक्षात ठेवतं?"

"कुणीच नाही," मी म्हटलं. "म्हणून मीही सांगणार नाही."

त्यांना ते पुरेना. नाव द्या, नाहीतर बोर्बालाला काढल्याचं पत्र आज दुपारी जाईल, म्हणाले. तेव्हा मी त्यांना शांतपणे समजावलं, की बोर्बाला कोर्टात गेली तर मला साक्षीला बोलावतील, आणि तिथे पहिला प्रश्न असेल तो पेटी कुणी उघडली आणि कुठल्या किल्लीनं. सेमेरेंनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. मग बोर्बालाला परत बोलावण्याच्या पत्रावर सही केली. एमोकेसाठी शिवणविभागात जागा आहे का, हेही मी तेवढ्यात विचारून घेतलं. होती.

बोर्बालाला फोन केला. तिनं फक्त विचारलं, व्हिल्मोशचं नाव कुठे आलं नाही ना? नाही, म्हटलं. मग उद्या येते, म्हणाली.

राहिली एमोके. पत्राची प्रत मिळणं तिचा हक्क होता, आणि लिहिणारीची ओळख पटेल असं काहीही त्यात न दिसू देणं माझं कर्तव्य. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून मी सगळं पत्र टंकून घेतलं. दोबोझी गिझेल्ला आणि त्याआधीचे दोन शब्द जाड काळ्या पट्टीनं झाकले. कागद उजेडात धरून पाहिला. काही दिसत नव्हतं. मी स्वतःवर खूश होते.

एमोके दुपारी आली. कोट हातात, केस तसेच घट्ट. उभ्यानंच वाचलं. पुन्हा वाचलं. शेवटच्या ओळीपाशी तिचा चेहरा बदलला. तिला विचारू नका, ती नाही म्हणेल. तिच्याकडे बघून कळत होतं, की असं तिच्याबद्दल काळजीनं कुणी लिहील हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

मग ती खुर्चीत बसली आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"नाव," ती म्हणाली. बोट पुढे सरकलं. "गाव. तारीख." बोट काळ्या पट्टीवर आलं आणि थांबलं. "ओती-नेनी, यापुढे काय असतं, हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही पाठ आहे. माझ्याच आईचं नाव तुम्ही माझ्यापासून का लपवलंत?"

माझे कान तापले. इतकी वर्षं कागदांमध्ये घालवली, आणि नाव झाकताना जागा झाकायला विसरले. त्या पट्टीखाली काहीही असतं तरी तिनं ओळखलंच असतं. आम्ही सगळे जन्मापासून तेच चार रकाने भरत आलोय.

"बोदोर आग्नेश असतं तर झाकलं नसतंत," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी हळू झाला होता. "आईनं मला चौदाव्या वर्षीच सांगितलं, मी पोटची नाही. पण नाव तिलाही सांगायची परवानगी नव्हती म्हणाली. नंतर मी विचारणंच सोडून दिलं."

"एमोके, मी हो म्हणू शकत नाही. नाहीही म्हणू शकत नाही."

"तुम्ही काही म्हणू नका." ती पत्राकडे बघत राहिली. "सोमवारी संध्याकाळची कणकण. मी हे कुणाला बोलले नाही, पण एकीनं विचारलं होतं. दर मंगळवारी विचारते, काल रात्री झोप लागली का म्हणून. मला वाटायचं, बाईला बोलायला कुणी नाही. आणि ते दोन मास्क. मला वाटायचं, मोजायला चुकते."

मी खिडकीकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर तिला काही वाचता येऊ नये, एवढंच मला करता येत होतं, आणि तेही नीट जमलं की नाही कोण जाणे.

एमोकेनं कागदाची घडी करून खिशात ठेवली. शिवणविभागात जाईन म्हणाली, आणि पोलिसांना उद्या सांगेन की कुणाविरुद्ध माझी तक्रार नाही. दाराशी गेल्यावर तिनं हातातल्या कोटाकडे पाहिलं.

"हा धुवायला द्यायचाय," ती म्हणाली.

जिन्यावरून तिची पावलं खाली गेली. मी टेबलावरचे कागद आवरू लागले. थोड्या वेळानं पायाला काहीतरी वेगळं जाणवलं, म्हणून मी हात थांबवून ऐकलं. पाळी संपायला अजून तीन तास होते, आणि खालचं यंत्र बंद झालं होतं.